पाटीवरचं चौदा फूट पाणी

थॉर्नमथ,
९ फेब्रुवारी १९६६

श्रीमती एनिड गॅरो यांस,

तुमचा लीड्सचा पत्ता तुमच्या मावसबहिणीकडून मिळाला. मी आठवत असेन तर उत्तम, नसेन तर ओळख करून देतो. मी कथबर्ट लव्हडे, पियरमास्तर होरेशिओ लव्हडे यांचा मुलगा. एकतीस वर्षं इथल्या ग्रंथालयात काढली, आता निवृत्त आहे.

आपल्या पियरला, समुद्रात शिरलेल्या त्या लोखंडी धक्क्याला, येत्या जुलैत शंभर वर्षं होतात. शताब्दी समितीने इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतंय. लिहावं तेवढं थोडं आहे. दोन पेनी टाकायच्या आणि पाय न भिजवता अर्धा मैल समुद्रात चालत जायचं, ही गंमत १८६६ साली लोकांना जादूसारखी वाटली होती. मग वाफेच्या बोटी आल्या, बँड आला, टोकावर नाचघर झालं. १९४० साली जर्मन उतरतील या भीतीने आपल्याच सैन्याने मधला साठ फुटांचा तुकडा सुरुंग लावून उडवला आणि आठ वर्षं ते टोक समुद्रात एकटं उभं राहिलं. हे सगळं येईल.

एक प्रकरण टोकावरून उड्या मारणाऱ्या आणि स्वतःला 'प्रोफेसर' म्हणवणाऱ्या मंडळींवर आहे. तुमच्या वडिलांचा, प्रोफेसर जेबेझ सॅलिस यांचा फोटो आमच्याकडे नाही. असल्यास पाठवावा. त्यांच्याविषयीचा मजकूर छापण्याआधी तुमच्या नजरेखालून जावा, एवढं सौजन्य मी पाळायलाच हवं. तो असा: 'पोत्यात बांधून घेऊन मारलेल्या उडीसाठी ख्यातनाम असलेले प्रोफेसर सॅलिस २७ मे १९१६ रोजी मद्याच्या अंमलाखाली उडी मारून दुर्दैवाने मरण पावले.'

आपला,
कथबर्ट लव्हडे


लीड्स,
१४ फेब्रुवारी

कथबर्ट,

तुम्ही-आम्ही काय लावलंयस रे? माझ्या फ्रॉकच्या खिशात जिवंत खेकडा सोडणारा तूच ना? आणि आता श्रीमती गॅरो! सौजन्य म्हणे. तुझ्या त्या वाक्याला सौजन्य म्हणायचं तर थोबाडीत मारण्याला काय म्हणायचं?

माझा बाप प्यायलेला नव्हता. ऐक, कारण तुला हे माहीत असूनही तू विसरलायस. मे महिन्यातलं ते पाणी हाडं गोठवतं. म्हणून उडीआधी प्रत्येक प्रोफेसरला कंपनीच एक घोट रम द्यायची, तुझ्या बापाच्या कपाटातून, पितळेच्या मापाने. मोजून एक घोट. मग मृत्यूच्या चौकशीत तोच तुझा बाप उभा राहिला आणि शपथेवर म्हणाला, 'सॅलिसच्या तोंडाला रमचा वास येत होता.' येणारच! त्यानेच पाजली की मेल्याने! चोर तो चोर आणि वर शिरजोर.

पुढचं तुला ठाऊक नसेल. महिन्याभरात आम्हाला पियरच्या खोलीतून बाहेर काढलं. आई सीव्ह्यू हॉटेलात चादरी धुवायला लागली. शाळेत पोरं माझ्यामागे ओरडत यायची, 'प्रोफेसर पडले पोत्यात, पाण्याआधी रम पोटात.' मी बारा वर्षांची होते. आणि सगळ्यात वाईट सांगते, माझाही त्यावर विश्वास बसला. आई रोज सांगायची तो प्यायलेला नव्हता, आणि मी म्हणायचे, पुरे झालं आई. माझ्या लग्नाच्या नोंदीत मी वडिलांचा धंदा 'खलाशी' लिहिला. आई शेजारीच उभी होती. तिने वाचलं, केकचा तुकडासुद्धा न खाता निघून गेली.

ती अजून आहे. सत्त्याऐंशी वर्षांची. माझ्याकडेच असते, मोतीबिंदूने दिसेनासं झालंय. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, तेवढं एक वाक्य गाळून. पण ती काय दूधखुळी आहे? म्हणाली, "जेबेझविषयी काय लिहिलंय ते सांग." सांगितलं. म्हणाली, "मरायच्या आधी तेवढं खोडून घे."

तर खोड. फोटो आहे, पण ते खोडल्याशिवाय मिळणार नाही.

एनिड


थॉर्नमथ,
२ मार्च

प्रिय एनिड,

खेकडा माझाच. माफी मागतो, बावन्न वर्षं उशिरा.

काकूंना माझा नमस्कार सांग. त्या हयात आहेत हे मला ठाऊक नव्हतं. असतं तर पत्राची भाषा वेगळी असती. पण माझी अडचण समजून घे. मी इतिहास लिहितोय, आणि चौकशीचा निकाल कागदावर आहे. तो मी बदलू शकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे. जूनमध्ये नगरपालिका ठरवणार आहे की पियर दुरुस्त करायचा की तोडून भंगारात घालायचा. '४८ साली त्या तुटक्या जागी टाकलेल्या फळ्या कुजल्यात, खांब गंजलेत. तोडा म्हणणाऱ्यांचा एकच धोशा, हे धूड धोक्याचं आहे. त्यावर आमच्याकडे एकच उत्तर आहे. शंभर वर्षांत या पियरच्या व्यवस्थेच्या चुकीने एकही माणूस दगावलेला नाही. हे पुस्तक नगरसेवकांच्या हातात पडणार आहे. तू इथे नाहीस, एनिड. भरतीच्या वेळी टोकावर गेलीस तर पायाखाली अख्खा लोखंडी सांगाडा गुणगुणतो. मला तो गेलेला बघवणार नाही.

'मद्याच्या अंमलाखाली' ऐवजी 'प्रकृती स्वस्थ नसताना' असं लिहिलं तर?

तुझा,
कथबर्ट


लीड्स,
६ मार्च

कथबर्ट,

प्रकृती स्वस्थ नसताना! माझ्या बापाला काय सर्दी झाली होती?

तुझ्या वडिलांच्या थडग्यावर काय कोरलंय ते मावसबहिणीने कळवलं. 'चाळीस वर्षं विश्वासू.' आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

काल आईजवळ बसून तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. ती म्हणते तसंच्या तसं लिहिते.

पोत्याची गाठ बायकोने मारायची, असा रिवाज होता. लोकांना तेच बघायला आवडायचं. तर गाठ आईने मारली. तो आत शिरताना त्याचं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर होतं. "एक घोट प्यायलेला नवरा आणि झिंगलेला नवरा यातला फरक मला कळत नसेल, तर मी लग्न कशाला केलं?" असं म्हणाली.

त्याआधी तो कठड्यावरून वाकून बघत होता. शिडीच्या खांबावर शिंपल्यांचा एक जाड पट्टा होता. उडीच्या वेळी तो पट्टा कायम पाण्याखाली असायचा. त्या दिवशी तो उघडा होता, काळा, ओला. त्याने तुझ्या बापाला म्हटलं, "होरेशिओ, आज पाणी कमी दिसतंय."

आणि तुझ्या बापाने पाटीवर बोट ठेवलं. "चौदा फूट. पाटी वाच, सॅलिस."

पाटीचा नियम तुला मी काय सांगू? पाण्याची खोली पियरमास्तरने लिहायची, आणि एकदा खडू उठला की प्रोफेसरने वाद घालायचा नाही. वाद घातला तर जागा गेली, रांगेत आणखी तिघे उभे. छावणीतले पाचशे सैनिक बाकांवर बसले होते. त्याला बारा फूट पुरायचं. पाटी चौदा म्हणत होती. तो पोत्यात शिरला.

आई म्हणते, आवाजच वेगळा आला. एवढंच म्हणते.

आता माझा एकच प्रश्न. त्या दिवशी दुपारी चार वाजता पाणी किती होतं? पियरच्या रोजच्या वह्या तुझ्याच ग्रंथालयात आहेत. बघ आणि कळव. एकतीस वर्षं पुस्तकांवरची धूळ झटकलीस, आणखी एक झटक.

एनिड


थॉर्नमथ,
२० एप्रिल

एनिड,

सहा आठवडे उत्तर दिलं नाही. चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं, आणि फाडायच्या आत टाकून येणार आहे.

वही बघायची मला गरज नव्हती. मला १९४१ पासून माहीत आहे.

तुला आठवतं, १९१६ साली सरकारने पहिल्यांदाच घड्याळं एक तास पुढे करायला लावली? युद्धासाठी, दिवसाचा उजेड वाचवायचा म्हणून. २१ मे, रविवार. वडील पहाटे उठून पियरवर गेले आणि चारही घड्याळं स्वतःच्या हाताने पुढे केली. देशासाठी काहीतरी केल्यासारखे छाती काढून घरी आले. पण कचेरीत भिंतीला चिकटवलेलं भरतीचं वेळापत्रक आदल्या डिसेंबरात छापलेलं होतं. ते जुन्याच वेळेचं होतं. समुद्राला कोणी हुकूम पाठवला नव्हता.

तो अख्खा आठवडा वडील नव्या घड्याळात वेळ बघत होते आणि जुन्या कागदावरून पाटी लिहीत होते. गळ टाकून बसणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांना टोकलंही होतं, "लव्हडे, तुझी भरती हल्ली उशिरा उठते की काय?" वडिलांना वाटलं चेष्टा करतोय. त्या आठवड्यात पाण्यात उडी मारणारं कोणी नव्हतं, म्हणून काही बिघडलं नाही. शनिवारी हंगामातली पहिली उडी होती. कागदावर भरती सहाची. चारला उडी, म्हणजे भरतीआधी दोन तास, चौदा फूट. खरी भरती नव्या घड्याळाने सातला होती. चार वाजता पाणी नऊ फूट होतं.

वडील गेल्यावर त्यांचा खण आवरताना तो कागद सापडला. त्यावर शिसपेनीने प्रत्येक ओळीसमोर 'अधिक एक तास' असं लिहिलंय. ते लिखाण सुरू होतं सोमवार, २९ मेपासून. त्याच्या वरच्या ओळी कोऱ्या आहेत. म्हणजे रविवारी त्यांना कळलं होतं, एनिड. सोमवारी त्यांनी कागद दुरुस्त केला. आणि मंगळवारी चौकशीत जाऊन रमच्या वासाची शपथ घेतली.

घरी ते कधी मारकुटे नव्हते, दुष्ट नव्हते. मला सायकल त्यांनीच शिकवली. नोकरी जाईल, तुरुंगात जाऊ, या भीतीने एकदा खोटं बोलले, आणि मग ते परत घेता आलं नसावं. मी काही त्यांची बाजू घेत नाही. घेतोय बहुतेक. तो कागद मी पंचवीस वर्षं शब्दकोशात दाबून ठेवलाय.

कथबर्ट


लीड्स,
२४ एप्रिल

कथबर्ट,

तुझं पत्र मी जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच बसले.

पंचवीस वर्षं! त्या पंचवीस वर्षांत मी आईशी बापावरून किती वेळा भांडले असेन याची तुला कल्पना आहे? एका नाताळला मी तिला म्हणाले होते, "दारुड्याची बायको म्हणून मिरवायचं तर मिरव, मला त्यात ओढू नकोस." हे मी माझ्या आईला म्हणाले. तो कागद तेव्हा तुझ्या शब्दकोशात होता. तुझ्या बापाने भीतीने तोंड मिटलं, हे एक वेळ समजू शकते. तू कशाच्या भीतीने मिटलंस रे? तुला कोण तुरुंगात घालणार होतं?

तरी लिहिलंस. एवढ्यासाठी तुझे आभार मानते, आणि ते मानताना माझे दात करकरतायत.

आईला सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाली, "नऊ फूट." मग म्हणाली, "म्हणजे गाठ सैल मारली असती तरी काही उपयोग नव्हता." मला तेव्हा कळलं की ती पन्नास वर्षं कशात अडकली होती. आम्हाला वाटायचं तिला नवऱ्याच्या अब्रूचं पडलंय. ती स्वतःच्या बोटांकडे बघत बसायची.

मग विचारलं, "छापणार का तो?"

छाप, कथबर्ट. तुझ्या बापाला शिव्या घालायला सांगत नाही. काय झालं तेवढं छाप.

एनिड


थॉर्नमथ,
५ मे

प्रिय एनिड,

काल समितीची बैठक झाली. मी तो कागद टेबलावर ठेवला. बराच गोंधळ झाला, त्याचा तपशील नको. अध्यक्ष म्हणाले, पुस्तक जूनच्या मतदानाआधी हातात पडायलाच हवं, तेव्हा जे काय करायचं ते झटपट करा.

तुला शब्द देतो: तुझ्या वडिलांविषयीचं ते वाक्य पुस्तकात असणार नाही.

तुझा,
कथबर्ट


लीड्स,
९ मे

कथबर्टा,

जमलं तुला! आईला सांगितलं तर तिने माझा हात धरून ठेवला, सोडेचना. शेजारच्या बाईलाही सांगून झालंय, पोस्टमनलाही. "माझ्या नवऱ्याचं पुस्तक येतंय," म्हणते. मी म्हटलं, आई, पुस्तक पियरचं आहे. म्हणाली, "तेच ते."

फोटो पाठवतेय. एकच आहे. पट्ट्यापट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, मिशा पिळलेल्या, ऐट बघ जरा. जपून हाताळ आणि काम झालं की परत पाठव. कुठल्या पानावर येणार तेही कळव, म्हणजे मला पटकन उघडता येईल.

तुझ्यावर फार तोंड टाकलं. थोडं मागे घेते. सगळं नाही.

एनिड


थॉर्नमथ,
११ जून

प्रिय एनिड,

सोबत पुस्तकाची एक प्रत आणि फोटो परत.

तू पान शोधशील म्हणून आधीच सांगतो. उडी मारणाऱ्या प्रोफेसरांचं प्रकरण समितीने एकमताने गाळलं. अध्यक्षांचं म्हणणं असं, की सॅलिस आले की तारीख येते, तारीख आली की प्रश्न येतात. म्हणून कोणीच नको. मी एकटा विरोधात होतो, पण मतदानाची वेळ आली तेव्हा हात वर केला नाही, खालीही केला नाही. त्यांनी तो होकारात धरून टाकला. पान एक्केचाळीसवर 'शंभर वर्षांत पियरवर एकही अपघाती मृत्यू नाही' असं वाक्य आहे. ते अध्यक्षांचं आहे, माझं नाही. पण मुखपृष्ठावर नाव माझं आहे.

दुरुस्तीचा ठराव मंगळवारी दोन मतांनी मंजूर झाला. पियर वाचला. मला वाटलं होतं आनंद होईल.

मी दिलेला शब्द खोटा नव्हता. ते वाक्य पुस्तकात नाही. तुला हे कसं वाटेल ते मला ५ मेचं पत्र लिहितानाच कळत होतं, म्हणून तेव्हा जास्त लिहिलं नाही.

कथबर्ट


लीड्स,
२६ जून

कथबर्ट,

पुस्तक पोचलं. तू हुशार आहेस. दारुडा खोड म्हटलं, तर तू माणूसच खोडलास. आता माझा बाप प्यायला नाही, पडला नाही, मेला नाही, जन्मलाच नाही. इतकं स्वच्छ काम तुझ्या बापालाही जमलं नव्हतं.

पाकीट आलं तेव्हा आई जागी होती. कागद फाडल्याचा आवाज तिने ऐकला. "आलं का?" म्हणून उठून बसली, केस नीट केले, शाल मागितली. मी पुस्तक उघडलं, पान एक्केचाळीस. नाचघराचं वर्णन, आणि खाली तुमच्या अध्यक्षांचं ते वाक्य. कथबर्ट, तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? माहीत आहे मला. तू हात वर केला नसतास, खालीही केला नसतास.

मी वाचलं. पानाकडे बघत, अगदी छापील सुरात. " '२७ मे १९१६ रोजी पियरमास्तरांची वेळेत चूक झाली. पाटीवर चौदा फूट लिहिलं होतं, पाणी नऊ फूट होतं. प्रोफेसर जेबेझ सॅलिस पूर्ण शुद्धीत होते. पाणी कमी आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. ही चूक त्यांची नव्हती, आणि त्यांच्या पत्नीची तर मुळीच नव्हती.' "

आईने मान तिरकी करून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "हे कथबर्टने लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, अगं, छापलंय ना इथे.

म्हणाली, "लव्हडेंच्या घरातला माणूस 'चूक झाली' असं लिहायचा नाही. 'झाली असावी' लिहील. आणि मी त्याच्या कुठे ध्यानात राहणार? हे तू लिहिलंयस."

मी पुस्तक मांडीवर मिटलं.

"बरं लिहिलंयस," म्हणाली. "परत वाच."

मी परत वाचलं. मधेच मी अडखळले तेव्हा खेकसली, "रडतेस कशाला? नीट वाच. मला प्रत्येक शब्द ऐकायचाय."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चहा झाला की वाचायचं, असं चाललं होतं. शब्द इकडचा तिकडे झालेला तिला चालायचा नाही. परवा, शुक्रवारी सकाळी ती गेली.

फुलं पाठवू नकोस. पत्रही नको.

एनिड सॅलिस